जुने संगणक आणि हलकी कार्यप्रणाली

वऱ्हाडातील प्राथमिक शाळांना भेटी देताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. शाळेत संगणक असतो, जडसंग्रह नोंदवहीत त्याचा अनुक्रमांक असतो, त्यावर धुतलेले कापडी आच्छादनही असते. परंतु तो वापरात नसतो. विचारपूस केली म्हणजे "चालत नाही" असे उत्तर मिळते. अधिक खोलात गेल्यास कळते की, हे उत्तर तितकेसे खरे नाही. यंत्र सुरू होते. मात्र सुरू होण्यास दहा-बारा मिनिटे घेते, एखादे पान उघडावयास सांगितले की स्तब्ध होते, आणि तेवढ्यात तासिका संपते. शिक्षक कंटाळून आच्छादन पुन्हा घालतात. पुढे केव्हा तरी निर्लेखनाच्या यादीत त्याचा अनुक्रमांक चढतो, आणि खेड्यातील चौथीच्या मुलाने संगणकाला हात लावण्याची जी एकच संधी होती ती भंगाराच्या गाडीत जाते.

जे यंत्र सुरू होते त्याचा दोष बहुधा त्याच्या अंगात नसतो. त्याच्या शक्तीबाहेरचे काम त्यास सांगितलेले असते. वखराला चालणारी बैलजोडी खोल नांगरटीस जुंपली आणि ती थांबली, तर शहाणा शेतकरी बैल विकावयास काढीत नाही. तो आधी औत बदलून पाहतो. संगणकाच्या बाबतीत हे औत म्हणजे त्याची कार्यप्रणाली होय. ती कशी निवडावी, कोणत्या यंत्रास कोणती बसेल, आणि निवडताना आपल्या मराठी शाळेची गरज कशी पाहावी, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

यंत्र मंद का होते

कार्यप्रणाली म्हणजे संगणकातील व्यवस्था पाहणारी आज्ञावली. कळफलकावर काय दाबले, पडद्यावर काय दाखवावयाचे, कोणते काम आधी करावयाचे, कोणास किती जागा द्यावयाची, हे सारे ती ठरविते. शाळेत मुख्याध्यापक जे काम करतात तेच ही यंत्रात करते. शिकविण्याचे प्रत्यक्ष काम वर्गशिक्षक करतात, तद्वत लेखन, चित्रकला, गणित ही कामे निरनिराळ्या सॉफ्टवेअरकडे असतात. परंतु व्यवस्था कोलमडली की वर्ग थांबतात.

ह्या व्यवस्थेस दोन जागा लागतात. हार्ड डिस्क ही भिंतीतल्या कपाटासारखी असते. तिच्यात पुष्कळ वस्तू मावतात, पण काढावयास उठून जावे लागते. रॅम ही शिक्षकाच्या मेजासारखी असते. जे मेजावर आहे ते तत्काळ हाताशी येते. मेज लहान असून त्यावर दहा वह्यांचे गठ्ठे मांडले, तर प्रत्येक वही तपासताना एक गठ्ठा कपाटात ठेवून दुसरा आणावा लागेल आणि दिवस येरझाऱ्यांतच सरेल. जुना संगणक स्तब्ध होतो तेव्हा त्याच्या आत नेमके हेच चाललेले असते. हार्ड डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असेल तर ह्या येरझाऱ्या सुरू आहेत असे समजावे. १ किंवा २ जीबी रॅमच्या यंत्रावर विंडोज १० बसविले असता मेजाचा बराचसा भाग त्या प्रणालीच्याच वह्यांनी व्यापला जातो. मुलांच्या कामास जागा उरत नाही.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, आणि तो मंदपणाहून गंभीर आहे. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यापुढे मिळणारी वाढीव मुदत ही तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलपुरते बोलावयाचे तर ही यादी साधारणतः २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीची आपल्याकडील यंत्रे तीत बसत नाहीत. ज्या संगणकावर दुरुस्ती येत नाही त्यावर मुख्याध्यापक यू-डायस प्लसची माहिती भरतात, तेव्हा मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचा दूरध्वनी हे सर्व कडी नसलेल्या दारातून जात असते. पालकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे, ह्याचा विसर पडू नये. उलटपक्षी, जे यंत्र आंतरजालास कधीच जोडले जात नाही आणि ज्यावर एखादी जुनी शैक्षणिक सीडी ठीक चालते, त्यास हात लावण्याचे कारण नाही.

प्रणाली बदलण्यापूर्वी

काही यंत्रे केवळ धुळीने मंद झालेली असतात. अकोल्यास उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. शाळा बंद, खिडक्या बंद, कपाशीच्या काळ्या रानाची बारीक माती फटींतून आत. आपल्याकडील शाळा राज्याच्या इतर भागांहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वेळी वर्गाची झाडलोट होते तशी संगणकाची पेटीही उघडून मऊ कुंचल्याने पंखा व जाळी साफ करावी. अर्थात् वीजजोडणी काढून. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग आपणहून कमी करतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

मुख्य फलकावर सीआर २०३२ ह्या क्रमांकाची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की यंत्र प्रत्येक वेळी कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखविते, आणि तारीख चुकीची असल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. ह्या एका बॅटरीपायी "नेट बिघडले" अशी तक्रार पुष्कळदा येते. ती घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानातही मिळते.

त्यानंतर रॅम पाहावी. शाळा व्यवस्थापन समितीची संमती असल्यास २ जीबीची ४ जीबी करून घेणे, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसविणे, ह्या दोन खर्चांइतका गुण दुसरा कोणताही खर्च देणार नाही. रॅम घेताना जुनी पट्टी काढून दुकानी न्यावी. डीडीआर २ च्या खाचेत डीडीआर ३ बसत नाही.

शेवटी प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा हे पाहावयाचे. येथे एक घोटाळा नेहमी होतो. यंत्रावर ३२ बिटांचे विंडोज आहे म्हणून यंत्रही ३२ बिटांचे आहे असे ठरत नाही. २००६ पासून आलेले कोअर २ ड्युओ प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत, पण त्यांवर ३२ बिटांची प्रणाली बसविलेली सर्रास आढळते. विंडोज १० च्या माहितीपानावर "एक्स ६४-बेस्ड प्रोसेसर" असे शब्द दिसले, तर यंत्र ६४ बिटांचे आहे. लहान नेटबुकांतील अ‍ॅटम एन २७० सारखे प्रोसेसर मात्र खरोखरच ३२ बिटांचे आहेत.

हलकी म्हणजे काय

लिनक्स ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिहावयास आरंभ केला. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो व पालटता येतो. म्हणून त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळे संच बांधले. डेबियन १९९३ पासून आहे. उबंटू त्यावरून निघाले, लिनक्स मिंट उबंटूवरून. आपल्या देशात सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने डेबियनच्याच आधाराने भारतीय भाषांसह 'बॉस' हा संच केला आहे.

नावे पुष्कळ आहेत, आणि नवख्याचा गोंधळ येथेच होतो. वास्तविक गाभा सर्वांचा एकच आहे. रॅम किती खर्च होईल हे मुख्यतः त्यावर बसविलेल्या पडद्याच्या मांडणीवर, म्हणजे डेस्कटॉपवर अवलंबून असते. जीनोमसारख्या मांडणीत सरकत्या खिडक्या, सावल्या आणि पडद्याआड चालणाऱ्या पुष्कळशा सोयी असतात. ती एकटीच एक जीबीच्या आसपास रॅम घेते. एक्सएफसीई ही १९९६ पासून चालत आलेली साधी मांडणी तिच्याहून बरेच कमी घेते. एलएक्सक्यूटी आणि तिची पूर्वज एलएक्सडीई त्याहूनही कमी. अशा मांडणीत दिसण्याचा थाट कमी असतो, एवढेच. लिहिणे, छापणे, ऐकणे, चित्र काढणे ही कामे त्याच प्रकारे होतात.

हलक्या प्रणालीवर लहान यंत्र चालविण्याचा प्रयोग महाराष्ट्रातील खेड्याच्या शाळेत पूर्वीच झालेला आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातील खैराट येथे २००७ मध्ये 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या जागतिक उपक्रमाखाली एकशिक्षकी शाळेतील मुलांना एक्सओ नावाचे लहान संगणक देण्यात आले. त्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, अवघी २५६ एमबी रॅम आणि १ जीबीचा साठा होता. त्यावर फेडोरा लिनक्सच्या आधाराने 'शुगर' ही मुलांसाठी मुद्दाम केलेली मांडणी चालत असे. आपण आज निर्लेखित करतो त्या संगणकांत ह्याच्या चौपट किंवा आठपट रॅम असते. त्या उपक्रमाच्या यशापयशाविषयी शिक्षणतज्ज्ञांत मतभेद आहेत, व ते असणे योग्यच आहे. यंत्र वाटल्याने शिक्षण होत नाही. परंतु यंत्राच्या मापाची प्रणाली केली तर २५६ एमबीतही मूल लिहू शकते आणि चित्र काढू शकते, एवढे तेथे निश्चित दिसले.

ह्यावरून आजही २५६ एमबी पुरेल असा अर्थ कोणी काढू नये. त्या काळानंतर आंतरजालावरील पानेच जड झाली आहेत. आज एक संकेतस्थळ उघडताच ब्राउझर कित्येकशे एमबी रॅम घेतो; दीक्षावरील एखादा दृश्यपाठ लावला तर आणखी. प्रणाली कितीही हलकी असली तरी ब्राउझर हलका होत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : ह्या यंत्राकडून आंतरजालाचे काम घ्यावयाचे आहे काय?

कोणत्या यंत्रास कोणती

६४ बिटांचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. तिची ठेवण विंडोज ७ सारखी आहे. डाव्या खालच्या कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ. आपल्या शिक्षकांना त्यात परके वाटत नाही. मिंटच्या २२ व्या मालिकेस २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे, म्हणजे दरवर्षी पुन्हा खटाटोप नाही. बॉसही येथे पाहण्याजोगे आहे. मराठीची सोय त्यात आयती मिळते. मात्र चारपेक्षा कमी जीबीच्या यंत्रावर ते बसविण्यापूर्वी चालवून पाहावे.

६४ बिटांचा प्रोसेसर पण रॅम २ जीबीच, आणि ती वाढविणे शक्य नाही, अशा वेळी लुबंटू किंवा एलएक्सक्यूटी मांडणीसह डेबियन १३ बसवावे. लुबंटूच्या २४.०४ आवृत्तीची मुदत एप्रिल २०२७ पर्यंतच आहे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये निघाले असल्याने ते अधिक काळ टिकेल. माझा कल डेबियनकडे आहे, जरी ते बसविताना दोन प्रश्न अधिक विचारते. अशा यंत्रावर एका वेळी ब्राउझरचे एकच पान उघडावे, हा नियम मुलांनाच सांगावा. ती तो आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळतात.

३२ बिटांच्या यंत्रांचे दिवस आता मोजके आहेत, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मिंटने आपल्या मुख्य संचातून त्यांना २०२० मध्ये वगळले. डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी बसविण्याचा संच नाही. फायरफॉक्सनेही ३२ बिटांच्या लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या काढणे २०२५ मध्ये थांबविले. अशा यंत्रावर डेबियन १२ एलएक्सडीई मांडणीसह, किंवा त्याच पायावरचे अँटिएक्स २३ बसवावे. डेबियन १२ ला दीर्घ मुदतीची दुरुस्ती जून २०२८ पर्यंत आहे. परंतु ह्या यंत्राकडून आंतरजालाचे काम घेऊ नये. ते लेखन, चित्रकला व श्रवणासाठी राखावे. रॅम ५१२ एमबी किंवा त्याहून कमी असेल तर पपी लिनक्स हा फार लहान संच चालतो खरा, पण शिक्षकाचा वेळही मोलाचा आहे. अशा यंत्राचे निर्लेखन करणे योग्य, आणि त्याआधी मुलांना ते उघडून आतील भाग दाखवावेत.

काही जण क्रोम ओएस फ्लेक्सचे नाव घेतात. ते वाईट नाही. पण त्याचे सारे बळ आंतरजालावर आहे. धारणी-चिखलदऱ्याकडील गावांत जेथे मोबाईलचा संदेश मिळविण्यासाठी टेकडीवर जावे लागते तेथे त्याचा उपयोग नाही.

"वऱ्हाड" लिहून पाहावे

इंग्रजी लिहिणे कोणत्याही प्रणालीवर येते. आपल्या शाळेसाठी प्रणाली पसंत करण्यापूर्वी तीवर मराठी शुद्ध उमटते की नाही हे पाहिलेच पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या प्रदेशाच्या नावासारखा कसोटीचा शब्द नाही. "वऱ्हाड" ह्या शब्दात जो अर्धा र आहे तो हिंदीत नाही. त्यामुळे केवळ हिंदीचा विचार करून केलेल्या व्यवस्थेत तो हकारावरील रफार होऊन बसतो आणि मूल चुकीचे रूप शिकते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे ही कळ दाबली असता ऱ येतो. त्यापुढे डी कळीवरील हलन्त, मग ह. ह्या क्रमाने "वऱ्हाड", "गोऱ्हा", "दऱ्या" नीट उमटले तर व्यवस्था ठीक आहे असे समजावे.

लिनक्सच्या कळफलक-यादीत मराठीसाठी इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी असे दोन्ही प्रकार मिळतात. शिक्षकांनी मुलांना इनस्क्रिप्टच शिकवावे असे माझे आग्रहाचे मत आहे. तीच मांडणी देशातील इतर लिप्यांनाही लागू आहे आणि भारत सरकारने ती प्रमाण मानलेली आहे. देवनागरी टंक दिसत नसतील तर लोहित किंवा नोटो हे विनामूल्य टंक घालावेत. लोहित हे रेड हॅट कंपनीने खुले केलेले आहेत.

कृतिदेव वा शिवाजीसारख्या जुन्या टंकांत लिहिलेल्या फायलींचे काय, हा प्रश्न येईल. त्या टंकांत प्रत्यक्ष मराठी अक्षर साठविलेले नसते. इंग्रजी अक्षरावर मराठी चित्र चढविलेले असते. टंक नसेल तर मजकूर निरर्थक दिसतो. प्रणाली पुसण्यापूर्वी ते टंक पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, नव्या प्रणालीत घालावेत, आणि पुढील सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे.

आधी चालवून पाहणे

लिनक्सची एक मोठी सोय अशी की, ती हार्ड डिस्कवर न बसविताही पेन ड्राइव्हवरून चालते. चांगल्या संगणकावर तो संच उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रूफस किंवा व्हेंटॉय ह्या साधनाने चढवावा. मग जुने यंत्र सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप ह्यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. ह्या अवस्थेत आपण होऊन 'बसवा' असे सांगेपर्यंत हार्ड डिस्कवरील काहीही पुसले जात नाही. चाल थोडी सावकाश असते. ती पेन ड्राइव्हची चाल आहे.

अशा अवस्थेत निदान अर्धा तास काम करून पाहावे. आवाज येतो काय, प्रोजेक्टर लागतो काय, मोबाईलच्या हॉटस्पॉटशी जोडणी होते काय, "वऱ्हाड" उमटते काय. प्रिंटर विशेष तपासावा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्स सहज ओळखते. कॅनन एलबीपी २९००, जो आपल्या कार्यालयांतून व शाळांतून सर्वत्र दिसतो, त्यास वेगळे जुळवणी-सॉफ्टवेअर लागते व ते लिनक्सवर बसविणे कटकटीचे असते. शाळेचा सगळा छपाईचा भार त्याच प्रिंटरवर असेल तर पत्रकाची पीडीएफ करून दुसऱ्या यंत्रावरून छापणे सोपे.

पंचायत समितीकडून येणाऱ्या एक्सेल तक्त्यांविषयीही आधीच सांगणे बरे. लिब्रेऑफिस ते तक्ते उघडते, भरते व त्याच प्रकारात जतन करते. तक्त्यात मॅक्रो असतील तर ते चालतीलच असे नाही. म्हणून एखाद्या केंद्रातील सर्वच संगणक एकाच दिवशी बदलण्यापेक्षा कार्यालयीन कामाचा एक संगणक मागे ठेवून वर्गातील यंत्रे आधी बदलावीत.

आंतरजालाविना

मेळघाटातील शाळांनी हलक्या प्रणालीचा विचार वेगळ्या दृष्टीने करावा. तेथे यंत्राकडून अपेक्षित काम बहुतांशी जागच्या जागी होणारे आहे. किविक्स नावाच्या साधनाने मराठी विकिपीडिया संपूर्ण उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश मग एकही पैसा न मोजता, जोडणी नसताना वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात ठेवावीत. टक्स पेंट हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर पहिलीच्या मुलास दहा मिनिटांत वापरता येते, आणि माउस हातात धरण्याचा सराव त्याहून चांगल्या रीतीने होत नाही. जीकॉम्प्रीमध्ये अंक, आकार, स्मरण ह्यांचे लहान खेळ आहेत.

परंतु सर्वांत मोलाचे साधन मला ऑडासिटी हे वाटते. ते आवाज मुद्रित करते आणि २ जीबीच्या यंत्रावर बिनदिक्कत चालते. ज्या मुलाच्या घरी कोरकू बोलली जाते व शाळेत मराठी, त्याने आजीची गोष्ट कोरकूत मुद्रित करून आणावी, वर्गाने ती ऐकावी, मग तीच मराठीत सांगावी. तीस-चाळीस गोष्टी साठल्या की शाळेचे स्वतःचे श्रवण-ग्रंथालय होते, जे कोणत्याही दुकानात मिळत नाही. मोबाईलवर हे मुद्रण होते हे खरे. पण शिक्षकाचा मोबाईल शिक्षकाबरोबर घरी जातो, आणि मुलाच्या हातात तो क्वचित येतो.

केंद्राने एक ठरवावे

येथवर चार-पाच नावे आली. त्यांतील कोणती सर्वोत्कृष्ट ह्यावर वाद घालण्यात जाणकार मंडळी वर्षे घालवितात. आपणांस त्याची जरूर नाही. दर्यापूरकडील किंवा तेल्हाऱ्याकडील एखाद्या खेड्यातील शिक्षकास सोमवारी सकाळी अडचण आली, तर त्याला मदत कोण करील? शेजारच्या गावचा शिक्षक करील, जर त्याच्याकडेही तीच प्रणाली असेल तर. म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन-तीन यंत्रांवर प्रत्यक्ष प्रयोग करून एक प्रणाली ठरवावी, आणि थोडी कमी पसंत पडली तरी सर्वांनी तीच घ्यावी. प्रत्येक शाळेने आपापल्या हौसेप्रमाणे वेगळी निवडली तर सहा महिन्यांत पुन्हा आच्छादने चढतील. केरळ राज्याने आपल्या शाळांसाठी एकच लिनक्स संच ठरविला, तोच सर्वत्र बसविला आणि शिक्षकांना त्याचेच प्रशिक्षण दिले. तेथील यंत्रणा मोठी व सरकारी आहे हे मान्य. पण तीच युक्ती दहा शाळांच्या केंद्रास लागू पडावयास हरकत नाही.

"आम्ही एमएस-सीआयटी विंडोजवर केली, मुलांनाही पुढे तेच लागणार," असा आक्षेप शिक्षक घेतात. तो अगदीच टाकाऊ नाही. तथापि आज पहिलीत असलेले मूल नोकरीस लागेपर्यंत आजचे विंडोजही राहणार नाही. फाईल कोठे ठेवली, तिला काय नाव दिले, चुकलेले कसे परत फिरवावे, दोन बोटांऐवजी दहा बोटांनी कसे लिहावे, ह्या गोष्टी सर्व प्रणालींत सारख्याच आहेत.

प्रत्यक्ष बसविण्याच्या दिवशी आधी सर्व कागदपत्रे, निकालपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, जुने टंक दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत. बसविताना हार्ड डिस्क संपूर्ण पुसली जाते. भारनियमनाची वेळ टाळावी व दोन तास सलग वीज राहील असा वार पाहावा. यूपीएसच्या बॅटऱ्या आपल्या उन्हाळ्यात लवकर मरतात, त्यांवर विसंबून राहू नये. मुलांसाठी एक वेगळे खाते उघडावे, ज्यातून प्रणालीत बदल करता येणार नाही. मुख्य खाते शिक्षकाकडे असावे.

काम झाल्यावर जडसंग्रह नोंदवहीत त्या अनुक्रमांकापुढे प्रणालीचे नाव, आवृत्ती, बसविल्याची तारीख आणि दुरुस्तीची मुदत कोणत्या साली संपते हे लिहावे. मुख्य खात्याचा संकेतशब्द बंद लिफाफ्यात घालून मुख्याध्यापकांच्या ताब्यातील कपाटात ठेवावा आणि त्या लिफाफ्याची नोंद प्रभार यादीत करावी. शिक्षकाची बदली मे महिन्यात होते, संकेतशब्द त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो, आणि जूनमध्ये नव्याने आलेल्या शिक्षकापुढे सुस्थितीतले यंत्र कुलूपबंद उभे राहते. हे आजवर पुष्कळ शाळांत घडले आहे.